जिभेच्या त्या नकाशाबद्दल खुलासा

पालकांच्या ग्रुपवर जिभेचं चित्र फिरतंय ना, टोकाला गोड, कडेला आंबट-खारट, मागे कडू, ते चुकीचं आहे. मीपण पूर्वी फळ्यावर हेच काढायचे बरं का. १९०१ मध्ये हेनिग नावाच्या जर्मन संशोधकाने कुठे कोणती चव जरा कमी प्रमाणातही कळते एवढंच मोजलेलं, फरक अगदी किंचित होता, पण एडविन बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९४२ च्या पुस्तकातला आलेख बघून लोकांनी जिभेची वाटणीच करून टाकली. चव ओळखणाऱ्या कळ्या जिथे आहेत तिथे सगळ्याच चवी कळतात. परवा सातवीत इअरबडने फक्त टोकाला कारल्याचा रस लावला, पहिल्या बाकावरच्याने लगेच तोंड वाकडं केलं! तेव्हा ते चित्र प्लीज पुढे पाठवू नका, पाठवलं असेल तर डिलीट करा.