वाचलं कुणी?

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एका फ्लेक्सचा फोटो आला. 'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक. तासाभरात त्याखाली भांडण जुंपलं. एकाने लिहिलं, "सायन्सवाले निदान काहीतरी करतात. मराठी, इतिहासवाल्यांनी आयुष्यभर काय केलं? फुकटचा पगार घेतला." दुसऱ्याने माझं नाव घेऊन विचारलं, "तुमच्याकडे असं चालतं का गं? तिथं संशोधन नाही केलं तर घरी बसवतात ना?"

मी कामावरून परतताना बसमध्ये होते. उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. राग अजून गेलेला नाही, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

आधी त्या यादीबद्दल. स्टॅनफर्डमधले जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी ती एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपस डेटाबेसवरून काढतात. तुमच्या पेपरांचा इतरांनी किती वेळा हवाला दिला, त्यांत एकटं, पहिलं किंवा शेवटचं नाव तुमचं होतं का, अशा सहा आकड्यांचा मिळून एक गुणांक निघतो. सगळ्या कारकिर्दीची यादी वेगळी, एका वर्षाची वेगळी. नावं दोन लाखांहून जास्त. काम प्रामाणिक आहे आणि डेटा सगळ्यांना खुला आहे. पण ही निवड नव्हे. कुणी समिती बसली, या सरांचे पेपर कुणी वाचले आणि म्हणालं की हे मोलाचं आहे, असं इथे काही घडत नाही. आणि स्कोपसमध्ये जे नियतकालिक नाही, त्यात छापलेलं या मोजणीत येत नाही. मराठीत लिहिणारा माणूस या हिशेबात जन्मालाच आलेला नसतो.

त्या प्राध्यापकांचं अभिनंदन मीही मनापासून करते. मला झोंबलं ते 'फुकटचा पगार'. कारण ते वाक्य लिहिणाऱ्याला इतिहास ज्या सरांनी शिकवला, त्याच सरांनी मलाही शिकवला.

मी इंग्लंडच्या उत्तरेला एका विद्यापीठाच्या लायब्ररीत आहे. संशोधकांचे लेख रिपॉझिटरीत, म्हणजे विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात, चढवायचे हे माझं काम. लेख वेळेत आमच्याकडे जमा व्हायला हवा, नाहीतर पुढे रेफला, म्हणजे विद्यापीठांच्या संशोधनाच्या देशव्यापी मूल्यमापनाला, अडतं, म्हणून दर सोमवारी मी लोकांच्या मागे मेल घेऊन धावत असते. शिवाय महिनाअखेरीला फॅकल्टीचं एक पत्रक निघतं. कुणाचं पुस्तक आलं, कुणाला ग्रँट मिळाली, कुणाची फेलो म्हणून निवड झाली. ते पत्रक गेली सहा वर्षं मी जुळवते. तेव्हा प्राध्यापकांचं यश कसं गोळा करतात, कसं मांडतात, त्यातलं काय गळतं, हे मला आतून माहीत आहे.

त्या पत्रकात टेक्निशियनचंही नाव असतं. इथे 2017 मध्ये टेक्निशियन कमिटमेंट सुरू झाली आणि विद्यापीठांनी लेखी कबूल केलं की या लोकांचं काम दिसलं पाहिजे. मागे एका पेपरात मायक्रोस्कोप सांभाळणाऱ्या बाईचं नाव सहलेखक म्हणून आलं, आणि त्या महिन्याच्या पत्रकात ते मी सगळ्यात वर घातलं. आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायकाचं पूर्ण नाव तरी कुणाला ठाऊक होतं का? सगळे त्यांना 'मामा' म्हणायचे. आपुलकी होती, पण नोंद कुठेच नव्हती.

हे आपल्याला जमत नाही असं मात्र कुणी म्हणू नये. एस. आर. रंगनाथन 1924 मध्ये गणिताचं अध्यापन सोडून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. इथल्या कोर्सला पहिल्याच आठवड्यात आमच्या शिक्षिकेने ते फळ्यावर लिहिले, तेव्हा अख्ख्या वर्गात मान ताठ करून बसलेली मी एकटीच होते.

आता 'तुमच्याकडे कसं' याचं उत्तर. इथेही मोजतात, आणि भरपूर मोजतात. पण मोजण्याआधी कुणीतरी वाचतं. 2021 च्या रेफला 157 संस्थांनी मिळून 1,85,594 लेख, पुस्तकं आणि इतर कामं पाठवली होती. ती त्या त्या विषयाच्या पॅनेलसमोर गेली. लेख कुठल्या जर्नलमध्ये आला, त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या लेखांना मिळणारे सरासरी हवाले, किती, यावरून गुण द्यायचे नाहीत, असा तिथे नियमच आहे. आमच्या विभागातले एक प्राध्यापक त्या पॅनेलवर होते. त्या हिवाळ्यात त्यांच्या खोलीचा दिवा रात्री आठलाही जळत असायचा, टेबलावर दुसऱ्यांची पुस्तकं, त्यांत पिवळ्या चिठ्ठ्या. मला या देशातलं काय आवडतं असं कुणी विचारलं, तर मी ती चिठ्ठ्या लावलेली पुस्तकं सांगेन.

आपल्याकडे 2010 मध्ये यूजीसीने एपीआय आणलं, म्हणजे प्राध्यापकांच्या कामाला गुण द्यायची पद्धत. रेफरीड जर्नलमधला पेपर पंधरा गुण, चर्चासत्राच्या प्रोसिडिंगमधला दहा. पेपर वाचायची गरजच संपली. आयएसएसएन नंबर आहे का, आयएसबीएन आहे का, एवढं बघितलं की कॅसची, म्हणजे बढतीची, फाइल पुढे सरकायची. मागणी तयार झाल्यावर दुकानं निघायला कितीसा वेळ लागतो? 2018 मध्ये भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीतली 1,009 जर्नलं तपासून 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं, त्यातली 88 टक्के दर्जाला उतरत नव्हती. त्याच वर्षी यूजीसीने यादीतून 4,305 जर्नलं काढली. मग केअर ही मान्य जर्नलांची नवी यादी आली, तिचं काम पुण्यातूनच चालायचं. तीही बंद करायचं आयोगाने ठरवलं. तो निर्णय झाला 3 ऑक्टोबर 2024 च्या बैठकीत, म्हणजे मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला त्याच दिवशी. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो होते. मराठीतलं संशोधन आता कुठे छापायचं आणि ते कोण तपासणार, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आता सर.

सर माणदेशातल्या आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी सायकल काढून वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिला, बघत हिंडायचे. 1998 मध्ये मी एस. वाय. ला होते. टेप धरायला म्हणून सरांनी आम्हा चौघांना दहिवडीच्या पलीकडे एका वस्तीवर नेलं. ओढ्याकाठी बायका ज्या दगडावर धुणं आपटत होत्या, त्याच्यापाशी सर बसले आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मग दोन गडी बोलावून पहार लावून तो दगड उलथला. खालची बाजू चिखलाने भरलेली. सरांनी घागरभर पाणी हळूहळू ओतलं. आधी तळाला गाईंची शिंगं दिसली, मग आडवा पडलेला माणूस, त्याच्या वर त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच माणूस. अगदी वर एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र. धुणं धुणारी एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, आजवर ह्याच्या पाठीवर आपटत हुतो व्हय." आणि पदर डोक्यावर घेतला.

सरांनी तिथेच कार्ड लिहिलं. परीक्षेच्या जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठी कापून ते कार्डं करायचे. गाव, जागा, उंची, किती टप्पे, कुठल्या टप्प्यात काय, शेंदूर कोण लावतं, सांगणारा कोण. सांगणाऱ्याचं नाव कधी चुकवलं नाही. त्या दिवशीच्या कार्डावर त्या म्हातारीचं नाव आहे, आणि पहार लावणाऱ्या दोघांचंही.

अशी सहाशेच्या वर कार्डं झाली. त्यांच्यावरून सरांनी एकच लांब लेख लिहिला, चाळीसेक पानांचा, मराठीत. कुठल्या खोऱ्यात गाई पळवण्याच्या लढाया कोरल्या आहेत, कुठे नाहीत, आणि चराऊ कुरणांशी त्याचा काय संबंध. तो एका स्मरणिकेत आला. स्मरणिकेला आयएसएसएन नव्हता. सरांची फाइल गेली तेव्हा त्या लेखाला शून्य गुण मिळाले. मग सरांनी कुणाच्या तरी आग्रहाने एका चर्चासत्रात इंग्रजीतून चार पानी पेपर दिला, पंधराशे रुपये फी भरून, आणि त्याचे दहा गुण मिळाले. त्या चार पानांत काही नव्हतं, हे सर स्वतःच सांगायचे. 2014 मध्ये ते निवृत्त झाले. 'आयुष्यभर काय केलं' असं विचारणाऱ्याने हे ऐकावं. त्या दिवशी टेपचं दुसरं टोक त्याच्याच हातात होतं.

सरांचा विषय आडवळणाचा होता असंही नाही. हायडेलबर्गचे गुंथर सोन्थायमर मराठी शिकून आपल्या धनगरवाड्यांतून हिंडले, आणि धारवाडच्या एस. शेट्टर यांच्याबरोबर त्यांनी स्मारकशिलांवरचा जो ग्रंथ संपादित केला तो 1982 मध्ये कर्नाटक विद्यापीठातून निघाला. आमच्या लायब्ररीत त्याची प्रत आहे. मी ती अधूनमधून काढून बघते. त्या शेल्फवर सरांचं काहीतरी असायला हवं होतं, असं मला दर वेळी वाटतं.

आणि आपली परंपरा मोजमापाची नव्हतीच. महाभारताची चिकित्सक आवृत्ती भांडारकर संस्थेने 1919 मध्ये हाती घेतली आणि 1966 मध्ये पुरी केली. 1,259 हस्तलिखितं ताडून पाहिली. वि. स. सुखटणकर 1943 मध्ये गेले, काम अर्धं बाकी होतं, पुढच्यांनी ते तितक्याच काटेकोरपणे नेलं. दा. ध. कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत आणि जुनी नाणी तराजूत घालून, वजनातली झीज मोजून, त्यांचा क्रम लावत. या माणसांच्या 'गेल्या तीन वर्षांतील प्रकाशने' या रकान्यात काय भरलं असतं?

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांनीच 2013 मध्ये, नोबेलच्या वेळी, सांगितलं होतं की आजच्या पद्धतीत आपल्याला विद्यापीठात नोकरी मिळाली नसती, कारण आपण पुरेसे पेपर काढत नाही. गेल्या वसंतात आम्हालाही व्हॉलंटरी सेव्हरन्सची, म्हणजे पैसे घेऊन स्वेच्छेने नोकरी सोडायच्या योजनेची, मेल आली. ज्या प्राध्यापकांच्या खोलीतला दिवा मी सांगितला, त्यांनी ती घेतली. शेवटच्या महिन्याच्या पत्रकात त्यांचं नाव घालायला यशाच्या कुठल्याच सदरात जागा नव्हती. मी ते वाचनाच्या नावाने घालायला हवं होतं. घातलं नाही. ग्रुपवर हे मी कधी सांगितलेलं नाही. तिथे मी फक्त पिवळ्या चिठ्ठ्यांबद्दल बोलते.

भांडण वाढल्यावर एकाने मला लिहिलं, "तू तिथे बसून बोलतेस, सोपं आहे." मी ग्रुप म्यूट केला, आणि दोन दिवस ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

कारण 2019 मध्ये सुट्टीला गेले तेव्हा सरांनी ती कार्डांची पेटी माझ्यापुढे ठेवली होती. "तुमच्याकडं मशिनी असतात, ह्यांचं काहीतरी कर पोरी." मी जेवणाआधी चाळीस कार्डांचे फोनवर फोटो काढले, उरलेली पुढच्या खेपेला म्हणाले, आणि परत आले. ते फोटो एका फोल्डरमध्ये पडून आहेत. या सगळ्या काळात मी परक्यांचे हजारो लेख नोंदवले, प्रत्येकाला डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, मिळतोय का हे डोळ्यांत तेल घालून पाहिलं. माझ्या स्वतःच्या ओर्किडवर, म्हणजे संशोधकाच्या ऑनलाइन नोंदीवर, रिपॉझिटरीच्या मेटाडेटावरचे दोन पेपर आहेत, दोन्ही इंग्रजी. मराठीतला माझा शेवटचा लेख कॉलेजच्या वार्षिक अंकातला. सरांना शून्य देणाऱ्या माणसाने त्यांचा लेख वाचला नाही म्हणून मी चिडते, पण तो पूर्ण मीसुद्धा वाचला नव्हता. चाळीस पानं. मागच्या रविवारी वाचला.

आमच्या रिपॉझिटरीत बाहेरच्या माणसाचं काही ठेवता येत नाही. पण सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या झेनोडो या खुल्या भांडारात कुणालाही ठेवता येतं, पैसे लागत नाहीत, डीओआय मिळतो. काल रात्री पहिलं कार्ड टाइप केलं. भाषा: मराठी. निर्माते: सर. माहिती देणारे: त्या म्हातारीचं नाव, आणि त्या दोघांची नावं. मग सरांना फोन केला. तिकडे पहाट झाली होती, ते उठलेलेच होते. डीओआय म्हणजे काय ते मी दोन वाक्यांत सांगितलं, ते "बरं, बरं" म्हणाले. मग विचारलं, "सतरा नंबरचा फोटो काढलायस का? त्यात वरच्या टप्प्यात चंद्र दिसतोय का बघ जरा. मला तेव्हा खात्री नव्हती, मी पुढं प्रश्नचिन्ह केलंय."

मी फोटो मोठा करून पाहिला. प्रश्नचिन्ह होतं.