आईची पेन्शन आणि भाच्याचं बिल

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर एका काकांचा मेसेज. "आम्ही तीनशे रुपये पगारात पाच पोरं वाढवली. आत्ताच्या पोरांना चाळीस हजार पुरत नाहीत." खाली धडाधड अंगठे, बहुतेक सगळे पेन्शनर. ग्रुपवर मी गप्प बसले, आई तिथे आहे म्हणून. पण दिवसभर राग जात नाहीये.

गेल्या दिवाळीचं सांगते. माझा भाचा फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झालाय, सेट (कॉलेजात प्राध्यापक व्हायची राज्याची पात्रता परीक्षा) पास आहे, सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतो. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. सुट्टीचे नाहीत, मे महिन्याचे नाहीत. जुलैपासूनची बिलं दिवाळी आली तरी अडकलेली. वसुबारसेला माझी आई बँकेत जाऊन आली आणि त्याच्या हातात पाच हजार ठेवले. म्हणाली, "पेट्रोलला ठेव, कुणाला बोलू नको." ब्याऐंशी वर्षांची बाई. जन्मात नोकरी केली नाही. तिला मिळते ती फॅमिली पेन्शन, कारण आमचे दादा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. दादांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी त्यांच्या नोकरीवर आज नातू गाडीत पेट्रोल भरतोय.

कुणाचे दिवस कठीण होते ते आता सांगा.

दादांचा पगार तुटपुंजाच होता. पण तो येणार हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. वाणी उधारी लिहून घ्यायचा ती त्या भरवशावर. शिक्षकांच्या सोसायटीचं कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या, हप्ता पगारातूनच कापून जायचा. किसान विकास पत्रं घेतली ती साडेपाच वर्षांत दुप्पट झाली, त्यात माझं लग्न उरकलं. आज त्याच पत्राला ११५ महिने लागतात. आणि भाचा कर्जाला गेला तर बँकवाले सॅलरी स्लिपा मागतात. त्याला दर महिन्याचा पगारच नाही, स्लिपा आणायच्या कुठून?

हो, मोबाईल स्वस्त झाले, गॅससाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागत नाही. आणि ज्यांचे आजोबा सालगडी होते त्यांची नातवंडं आज इंजिनियर आहेत, ते सोन्यासारखं झालं. कबूल. पण स्वस्त मोबाईलवर संसार उभा राहत नाही.

हे आपोआपही झालेलं नाही. २००० साली शिक्षणसेवक, म्हणजे पगाराऐवजी मानधनावरचे शिक्षक आणले, प्राथमिकला महिना ३००० रुपये. १ नोव्हेंबर २००५ नंतर जे लागले त्यांची जुनी पेन्शन गेली. कॉलेजातल्या जागा रिकाम्या ठेवून तासावर पोरं राबवायची पद्धत पडली. तेव्हा काका, तुम्ही सर्व्हिसमध्ये होतात. तुमची पेन्शन शाबूत होती म्हणून तुमच्यातल्या बहुतेकांनी तोंड उघडलं नाही. पुढच्यांच्या ताटातलं गेलं तेव्हा गप्प बसलात, आणि आता त्यांनाच उधळे म्हणता? शरम वाटायला हवी.

जरा जास्त बोलले असेन. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरानेही मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्यात. आई आजही ताटात शीत टाकू देत नाही. त्या पिढीने सोसलं, फार सोसलं. पण त्यांना पुढे काहीतरी दिसत होतं. दादा पहिल्या दिवशी शाळेत गेले तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षी काय मिळणार हे त्यांना माहीत होतं. भाच्याला पुढच्या जूनमध्ये तास मिळतील की नाही हे माहीत नाही. बत्तीस वर्षांचा मुलगा आजीकडून पैसे घेताना मान वर करत नव्हता. त्या पोराला कुणी उधळा म्हणालेलं मी ऐकून घेणार नाही. त्याच्या अंगावरचा शर्ट मी घेतलेला आहे.

२०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, तेव्हा याच ग्रुपवर "लोकांचे हाल करतात" असं आलं होतं. तेही पेन्शनरांकडूनच.

म्हणून माझं सरळ मागणं आहे. पुढच्या वेळी ही नेट-सेटवाली मुलं पुण्यात उच्च शिक्षण संचालनालयासमोर बसली, तर आपल्या पेन्शनर मंडळींनी घरात बसून अंगठे देऊ नयेत. उठून तिथे जावं. रिकाम्या जागा भरा, पूर्ण पगारावर भरा, हे तुमच्या तोंडून आलं तर अधिकाऱ्यांना ऐकावं लागेल. मी जाणार आहे. कोण येतंय ते खाली लिहा.