टेकडीवर म्हणे "काहीच नाही"

शाळेच्या पालक ग्रुपवर दुपारी मेसेज आला. वेताळ टेकडीची निसर्ग सहल कॅन्सल, त्याऐवजी वॉटर पार्क. कारण काय तर सध्या टेकडीवर बघण्यासारखं काही नाही, सगळं वाळलंय, पावसाळ्यात नेऊ. खाली धडाधड अंगठे 👍👍👍

अहो फाल्गुन चालू आहे! आत्ता नाही तर कधी?

गेल्या वर्षी याच दिवसांत बिल्डिंगमधल्या एका तिसरीतल्या पोराला मी टेकडीवर नेलं होतं. सगळा रस्ता "बोअर होतंय मावशी" चालू होतं. मग काटेसावरीखाली एक फूल सापडलं त्याला, लालभडक, जाडजूड पाकळ्या, हातात घेतलं तर चांगलं वजनदार. मला विचारतो, "हे प्लास्टिकचंय का?" आत बोट घातलं तर मुंग्या. मग वर बघितलं त्याने. झाडावर पान एक नाही, नुसती फुलं, आणि मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे, सगळ्यांची मधासाठी भांडणं चाललेली. तेवढ्यात एक फूल थप्पकन त्याच्या पायाशी पडलं आणि साहेबांचा बोअर संपला.

आपल्याकडचा वसंत हा असाच असतो हो, उघड्या फांद्यांचा. हिरवळ आणि ट्युलिपवाला वसंत पोरांच्या पुस्तकात असतो, तो युरोपातला. आपली सावर, पळस, पांगारा पानं टाकून देतात म्हणजे उन्हाळ्यात पाणी वाचतं, आणि पानांची आडकाठी नसली की फुलं पाखरांना लांबूनच दिसतात. सावरीची बोंडं एप्रिल-मेमध्ये फुटणार, कापूस वाऱ्यावर उडणार, की जूनच्या पावसाला बी जमिनीवर हजर. एवढं सगळं वेळापत्रक लावून बसलंय ते झाड आणि आपण म्हणायचं काही नाही, वाळलंय.

आणि पुढच्या आठवड्यात हीच शाळा इको फ्रेंडली होळीचं पोस्टर काढायला लावणार. पळसाची फुलं उकळून रंग करतात हे पोरं पोस्टरवर लिहिणार, पळस बघितलेला नसताना!

हां, ऊन असतं, मान्य. आग्या मोहोळाची भीतीही खोटी नाही, एका बाईंनी चाळीस पोरं कशी सांभाळायची हाही प्रश्न आहेच. मग सकाळी साडेसहाला न्या, पालक बरोबर घ्या, साडेआठला खाली उतरा. वॉटर पार्कला काय ऊन नसतं?

सगळ्यात जास्त कशाने डोकं फिरलं माहितीये, त्या मेसेजवर पहिला अंगठा त्याच पोराच्या आईचा! अगं बाई, तुझ्याच फ्रीजमध्ये ते फूल काळं पडेपर्यंत ठेवलं होतं ना त्याने, तूच मला फोटो पाठवलेलास.

असो. तिला सकाळी सातची शिफ्ट असते, रविवारी धुणं, डबे, सासूबाईंची औषधं, ती कुठे टेकडी चढणार. ग्रुपवर काही आलं की न वाचता अंगठा देतो आपण सगळेच. तिच्यावर राग नाही माझा. शाळेवर आहे, आणि तो चांगलाच आहे.

वर्गशिक्षिकांना फोन केला होता, "वरून निर्णय झालाय मॅडम" एवढंच म्हणाल्या. बिचाऱ्यांचा आवाज पडलेला होता.

तर रविवारी सकाळी साडेसहाला मी निघतेय. ज्यांना पोरं पाठवायचीत त्यांनी कमेंटमध्ये सांगा. टोपी, पाण्याची बाटली, बूट. परफ्यूम अजिबात नको, मोहोळं आहेत. आणि तुझ्या पोराला मीच घेऊन जाईन गं, तू झोप जरा.