जन्म कधीही होवो, जयंती सोमवारीच!

राष्ट्रपुरुषाची जयंती नीट साजरी करायची आहे ना? मग तिथी की तारीख हा आपला नेहमीचा वाद जरा बाजूला ठेवा आणि अमेरिकेची शिकवणी लावा.

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन जन्मले तेव्हा व्हर्जिनिया या ब्रिटिश वसाहतीच्या कॅलेंडरात ११ फेब्रुवारी १७३१ होती. १७५२ साली ब्रिटिशांनी आपल्या आणि वसाहतींच्याही कॅलेंडरातून अकरा दिवस गाळले, नवं वर्ष मार्चातून उचलून जानेवारीत आणलं, आणि वॉशिंग्टन बसल्या जागी २२ फेब्रुवारी १७३२चे झाले. गृहस्थ समजूतदार. १७९९मध्ये त्यांनी ११ तारखेला अलेक्झांड्रिया गावात जाऊन वाढदिवसाचा सोहळा करून घेतला, आणि २२ला घरी बायकोच्या नातीचं लग्न उरकलं. दोन्ही पक्षांचे लोक जेवून गेले, मोर्चा कुणी काढला नाही.

सुट्टी १८७९मध्ये मिळाली, तीही राजधानीतल्या केंद्र सरकारी नोकरांना. बाकीच्या केंद्रीय कर्मचाऱ्यांपर्यंत देशभक्ती पोचायला १८८५ उजाडलं. तुम्हीही घाई करू नका. आधी कचेरी बंद करा, आदर मागाहून येतो.

खरी युक्ती १९६८ची. जयंती आठवड्याच्या मध्येच आली तर कामाचा खोळंबा होतो आणि फिरायलाही जाता येत नाही. म्हणून कायदाच केला: १९७१पासून फेब्रुवारीचा तिसरा सोमवार! बोटांवर मोजून पाहा, तिसरा सोमवार १५ ते २१ यांतच पडतो. म्हणजे वॉशिंग्टन यांचा वाढदिवस २२ तारीख सोडून कधीही होऊ शकतो. इतकी अचूक चूक करायला संसदच लागते.

नावाचीही काळजी नको. लिंकन १२ फेब्रुवारीचे, तेव्हा दोघांना एकाच मांडवात बसवून लोक ‘प्रेसिडेंट्स डे’ म्हणू लागले. केंद्राच्या कायद्यात अजून ‘वॉशिंग्टन्स बर्थडे’च आहे, पण कायदा वाचतो कोण? लोक जाहिरात वाचतात. पांढऱ्या केसांचा टोप आणि तिकोनी हॅट घातलेले राष्ट्रपिता टीव्हीवर गादीवर हात दाबून तिचा मऊपणा दाखवतात, मागे मोटारींवर सवलतीचे फलक. ज्याने ब्रिटिश राजाची फौज हरवली, त्याच्याकडून निदान एक गादी तरी खपायला हवी.

विचारांचं काय, असं एखादा खवचट विचारेलच. त्याचीही सोय आहे. राष्ट्राध्यक्षपद सोडताना वॉशिंग्टन यांनी दिलेला निरोपाचा संदेश दरवर्षी सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, मोठ्याने वाचतात. साडेसात हजारांवर शब्द, पाऊण तासाचं काम, समोर बहुतेक रिकाम्या खुर्च्या. पक्षीय वृत्तीपासून सांभाळा, असं त्यात बजावलंय. वाचायचा मान एका वर्षी एका पक्षाच्या सिनेटरला, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या पक्षाच्या. यंदा तुमच्या पक्षाची पाळी नसेल तर रुसू नका, पुढच्या वर्षी आहेच.