पोरगी गप्प होती, मठ्ठ नव्हती

सोलापुरात कन्ना चौकातल्या कट्ट्यावर परवा शाळेच्या भाषेवरून जुंपली. विषय काढला मास्तरनं. पूर्व भागात पहिलीचा वर्ग आहे त्याच्याकडं. एका पोरीची आई विड्या वळते, बाप यंत्रमागावर, घरात तेलुगू. मास्तरनं विचारलं, "बारा कोंबड्या होत्या, पाच विकल्या, उरल्या किती?" पोरगी नुसती बघत उभी. शेजारणीनं तेच गणित तेलुगूत सांगितलं, तशी ही फाटकन म्हणाली, "एडु!" म्हणजे सात. बालवाडीतून हीच पोरगी 'समज कमी' असा शेरा घेऊन आली होती.

"त्यात काय बे?" आमचा यंत्रमागवाला उसळला. तो स्वतः पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातला. "माझा पुतण्या दोन वर्षांत फाडफाड मराठी बोलायलाय. घरी तेलुगू, गल्लीत तेलुगू, शाळेत पण तेच केलं तर पोरांनी पुढं यंत्रमागच चालवायचा का?"

ही भीती खोटी नाही. मराठी-इंग्रजी कच्ची म्हणून नोकरी हुकलेले आमच्यातच आहेत.

"बोलायलाय रे, पण शाब्दिक उदाहरण सोडवायलाय का?" मास्तर म्हणाला. कॅनडातल्या जिम कमिन्स या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकानं हेच मांडलंय. खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा साधारण २ वर्षांत येते, पुस्तकाची यायला ५ ते ७ वर्षं लागतात. मधल्या काळात आपण पोराला ढ ठरवून मोकळे! नायजेरियात इफे इथं १९७० साली काही वर्गांना सहा वर्षं योरुबा या त्यांच्या घरच्या भाषेतून शिकवलं, इंग्रजी फक्त एक विषय. ती पोरं इतर विषयांत सरस ठरलीच, इंग्रजीतही मागं पडली नाहीत.

"कायद्यात पण आहे की," वकील म्हणाला. "२००९ चा शिक्षण हक्क कायदा, कलम २९. माध्यम शक्यतोवर मातृभाषा."

"शक्य कसं व्हायचं? एका बाकावर तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी. मास्तर चार तोंडांनी शिकवणार?" यंत्रमागवाल्यानं विचारलं.

मुद्दा बिनतोड. पण चारही भाषांत धडा घ्या असं कुणी म्हणतच नाही, मी म्हटलं. पोरांना आपसात घरच्या भाषेत बोलू द्या, उत्तर आधी तिच्यात येऊ द्या, मग मराठी शब्द द्या. तेलुगू बोललं की दटावणं आधी बंद करा. सगळ्यांना एकच पुस्तक दिलं की न्याय झाला, हे मला अजिबात मान्य नाही.

वकिलानं मला अडवलं. प्रत्येक पोर भाषेमुळंच गप्प नसतं, एखाद्याला अक्षरंच जुळत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलीय. पण तपासणीच मराठीत केली, तर अडचण अक्षराची का भाषेची, कळणार कसं? याला कुणाकडं उत्तर नव्हतं.

"मग तेलुगू येणारी एक बाई मदतीला घ्या की," यंत्रमागवाला म्हणाला. "आमच्या गल्लीत पाहिजे तेवढ्या मिळतील."

"शाळा व्यवस्थापन समितीत मांडायला लाव," वकील म्हणाला. " पाऊण सभासद पालकच असतात. तुझ्या भावाला पाठव."

"बैठक भरदुपारी असते. पाळी बुडली तर मजुरी कोण देणार?"

"सुट्टीच्या दिवशी घ्या म्हणून मी हेडमास्तरांना सांगतो," मास्तर म्हणाला. "पण भावाला आणायचं काम तुझं."