'काहीतरी खाऊन घ्या' म्हणजे पोट वाचलं असं नाही

गुडघे दुखले की मेडिकलमधून पेनकिलर, सोबत 'गॅसची' एक गोळी, आणि वर 'काहीतरी खाऊन घ्या'. आपल्याकडे औषधांपासून पोट सांभाळायचं ते एवढंच. माझ्या मते यातला खाण्याचा सल्ला सगळ्यात फसवा, कारण त्याने उगाच निर्धास्त व्हायला होतं.

जठरातलं आम्ल लिंबाच्या रसापेक्षाही तीव्र. तरी जठर स्वतःलाच पचवत नाही, कारण अस्तरावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो, त्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेट मुरलेलं असतं आणि खालून रक्तपुरवठा जोरात चालू असतो. हा सगळा बंदोबस्त प्रोस्टाग्लँडिन्स या शरीरातच बनणाऱ्या रसायनांच्या जिवावर. आता डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, ॲस्पिरिन ही औषधं काय करतात? प्रोस्टाग्लँडिन्स बनणंच रोखतात. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये हे दाखवून दिलं, 1982 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दुखणं थांबतं ते ज्यामुळे, अस्तर उघडं पडतं तेही त्यामुळेच.

म्हणजे खरं नुकसान गोळी रक्तात गेल्यावर होतं. पोट भरलेलं असेल तर गोळी पोटाला टोचण्याचा त्रास कमी होईल, अल्सर टळेलच असं नाही. इंजेक्शन घेतलं तरी तोच धोका. आतड्यात विरघळणारं आवरण असलेलं ॲस्पिरिनही सुरक्षित नाही, आणि हृदयासाठीची 75 मिलिग्रॅमची गोळीसुद्धा रक्तस्राव करू शकते. (ती मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.)

धोका सगळ्यांना सारखा नसतो. वय 65 च्या पुढे, आधी अल्सर झालेला, सोबत स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी, किंवा एकाच वेळी दोन पेनकिलर. हे शेवटचं फार चालतं: डॉक्टरांनी एक दिलेली असते, अंगदुखीसाठी दुसरी आपण आणतो, नावं वेगळी म्हणून लक्षातच येत नाही. आपल्याकडच्या कॉम्बिनेशन गोळ्यांमुळे तर हे हमखास होतं. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा.

आता ती 'गॅसची' गोळी. खरा धोका असलेल्याला पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल द्यायलाच हवं, पण जेवण झाल्यावर पेनकिलरबरोबर गिळलं तर निम्मं वाया. ही औषधं आम्ल सोडणारे पंप चालू असतानाच त्यांना बंद पाडतात आणि पंप चालू होतात जेवणाने. म्हणून नाश्त्याच्या 30 ते 60 मिनिटं आधी घ्यायची, न चावता, न फोडता. आणि ती जठर नि त्यापुढचा आतड्याचा सुरुवातीचा भाग राखतात, त्याखालचं लहान आतडं नाही. गुलाबी अँटासिडने जळजळ शमते, पण पेनकिलरचा अल्सर रोखण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका. उलट, दोन दिवस पॅरासिटामॉल घेणाऱ्या धडधाकट तरुणाला यातलं काहीच लागत नाही. तरी चिठ्ठीवर ती गोळी असतेच! आणि महिनोन्महिने घेऊन एकदम थांबवली की आम्ल उसळी मारतं, मग माणूस म्हणतो, 'बघा, मला ही लागतेच.'

डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक आणि हाडांसाठीचं अलेंड्रोनेट यांची गोष्ट निराळी. ती अन्ननलिकेत अडकून तिथेच भाजतात. पेलाभर पाणी प्या आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नका.

पोट दुखेल तेव्हा बघू, असं म्हणू नका. पेनकिलरच्या अल्सरमध्ये कित्येकदा काहीच दुखत नाही, थेट रक्तस्रावच होतो. शौच डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची झाली, किंवा उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते.