खोली नंबर ४६ आणि यूपीएसची सात मिनिटं

मी ४१ वर्षांचा आहे, जळगावात राहतो, माध्यमिक शाळेत गणित शिकवतो आणि व्हिडिओ गेम खेळतो. पहिल्या तीन गोष्टी मी कुणालाही सांगतो. चौथी सांगितली की समोरचा आधी हसतो, मग "मोबाइलवर का?" म्हणून विचारतो. मी "नाही, कॉम्प्युटरवर" म्हटलं की त्याचा चेहरा असा होतो, जणू मी "नाही, देशी" म्हणालो.

डिसेंबर आला की जगभरचे खेळाडू आपापले वर्षातले आवडते गेम जाहीर करतात. कुणी चित्रं बघतो, कुणी संगीत, कुणी गोष्ट. मी दोनच गोष्टी बघतो. लाइट गेल्यावर काय शिल्लक राहतं, आणि खालून "अहो" आलं की गेम थांबतो का.

माझा कॉम्प्युटर गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आहे. तिथे दोन कूलर आहेत. एक वाळ्याच्या ताट्यांचा, त्यात दर दोन तासांनी बादली ओतावी लागते. दुसरा प्रोसेसरवरचा, तळहाताएवढा. पारा ४४ ला टेकला की दोघं एकाच पट्टीत रडतात. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर लावायची मला मनाई आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात रात्री दीड वाजता एकदा लावून पाहिला होता. अकराव्या मिनिटाला अख्ख्या घराचे पंखे बसले. कुणी एक शब्द बोललं नाही. सगळे गच्चीवर आले, अंथरुणं टाकली आणि माझ्याकडे पाठ करून झोपले.

तेव्हापासून मी यूपीएसवर दिवस काढतो. तो सात मिनिटं देतो. आधी थांबून थांबून टुक टुक करतो, मग घाई करतो, शेवटी एकसुरी किंचाळतो. परीक्षेत मी पोरांना "शेवटची सात मिनिटं!" असं ओरडून सांगतो तेव्हा त्यांना पोटात काय होत असेल, हे मला त्या यंत्राने शिकवलं.

आता या वर्षाचं, म्हणजे २०२५ चं.

क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३ हा गेम २४ एप्रिलला आला आणि आखाजी होती ३० एप्रिलला. अक्षय्य तृतीयेला आमच्या खान्देशात आखाजी म्हणतात. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात याचाच अर्थ सगळ्यांच्या बायका माहेरी जातात, हे साधं समीकरण गणिताच्या शिक्षकाला लग्नानंतर सहा वर्षांनी सुटलं. ही मुलीला घेऊन अमळनेरला गेली. घरात उरलो मी आणि उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे.

गेम फ्रान्समधल्या माँपेलिए गावच्या एका छोट्या कंपनीचा. गोष्ट अशी, की समुद्रापलीकडच्या एका अजस्र शिळेवर एक चित्रकर्ती दरवर्षी एक आकडा रंगवते आणि त्या वयाची आणि त्यापुढची माणसं धूर होऊन उडून जातात. आकडा दरवर्षी एकाने उतरतो. यंदाचा आकडा ३३. आता मी ४१ चा, म्हणजे आठ वर्षांपूर्वीच उडालो असतो, असं कुणालाही वाटेल आणि त्याचे दोन गुण जातील. आकडा उतरतो तसं वय चढतं. चार वर्षांपूर्वी आकडा ३७ आणि मीही ३७. म्हणजे मी २०२१ मध्येच गेलो असतो, घराचा हप्ता न फेडता. हे उदाहरण मी आठवीच्या वर्गात एका चलातील समीकरणाला वापरलं. सगळ्यांना आलं. उत्तराने वाईट कुणालाच वाटलं नाही.

घरगुती माणसासाठी हा गेम अर्धा उत्तम आहे. लढाई पाळीपाळीने चालते. आपली पाळी असली की खुशाल खाली जा, सिलिंडर लावून या, दूध उतू गेलंय का बघून या, राक्षस जागेवर डुलत उभा. पण त्याची पाळी आली की त्याचा वार नेमक्या क्षणाला चुकवावा किंवा अडवावा लागतो. तेवढ्यात अमळनेरहून व्हिडिओ कॉल यायचा. "अहो, बघा किती उंच झोका घेतेय!" मी "वा, छान" म्हणायचो आणि मरायचो. त्या आठवड्यात मी एकूण नऊ वेळा "वा, छान" म्हणालो. वर्षअखेरीच्या 'द गेम अवॉर्ड्स' सोहळ्यात त्या गेमला नऊ पुरस्कार मिळाले, वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणूनही तोच निवडला गेला. आमचे आकडे जुळले याचा मला अभिमान आहे.

आखाजीला मी रावेर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. आखाजीचा दुसरा कुळाचार म्हणजे पत्ते. निंबाखाली सतरंज्या टाकलेल्या, मिसरूड फुटलेल्यापासून दात पडलेल्यापर्यंत सगळे बसलेले, पैसे मधे. वडील, म्हणजे नाना, सकाळपासून ३४० रुपये हरले होते. पान टाकता टाकता त्यांनी मला विचारलं, "तू अजून ते खेळच खेळू ऱ्हायला का रे?"

आणि ऑगस्टमध्ये त्यांचा मुद्दाम फोन. "पेपरात आलं ना भो. सरकारनं गेमवर कायदा केला. आता काय करशील?"

"नाना, तो कायदा पैसे लावून खेळतात त्या खेळांवर आहे."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच, "म्हणजे आखाजीवर?"

"ऑनलाइन पैशाच्या खेळांवर, नाना."

"मग ठीक," म्हणाले आणि ठेवला.

पण वर्षातला माझा खरा आवडता गेम ब्लू प्रिन्स. माझ्या पहिल्याच कसोटीवर तो सपशेल नापास आहे, हे आधीच कबूल करतो. नात्यातले एक आजोबा वारतात आणि नातवाला डोंगरावरचा वाडा ठेवतात. अट एकच. ४५ खोल्यांच्या या वाड्यात ४६ वी खोली शोधून दाखव, तरच इस्टेट तुझी. आमच्याकडे इस्टेट म्हटलं की सातबारा, भाऊबंद, तलाठी आणि २० वर्षं. त्या मानाने ही अट मला फार सभ्य वाटली. प्रत्येक बंद दारापाशी तीन नकाशे पुढे येतात, त्यातला एक निवडला की ती खोली दाराआड तयार. दिवसाला पावलं ५०. ती संपली की दिवस संपला, आणि दुसऱ्या दिवशी वाडा पुन्हा कोरा.

मेख अशी, की दिवसाच्या मधे कुठेही सेव्ह करता येत नाही. दिवस संपवला तरच नोंद.

जूनच्या पहिल्या आठवड्यातली रात्र. मी वाड्याच्या अगदी वरच्या ओळीपर्यंत पोचलो होतो. तासभराची कमाई खिशात: तीन किल्ल्या, बरीच नाणी, दोन हिरे. आणि बाहेर वारा सुटला. पत्रा वाजायला लागला. लाइट गेली. टुक. पावलं शिल्लक २१, मिनिटं सात. मी धावलो. एक दार उघडलं, बोळ निघाला. टुक टुक. दुसरं उघडलं. तीन नकाशे आले, त्यातले दोन परवडेनात, उरला तो घेतला. ते निघालं कपड्यांचं कपाट, उरलेल्या तिन्ही बाजूंनी बंद. मी त्या कपाटात उभा असताना यूपीएसने शेवटची किंकाळी फोडली, आणि अंधारात पडद्यावर माझाच चेहरा राहिला, घामेजलेला.

सकाळी नानांचा फोन आला. त्याच वाऱ्याने केळीची बाग आडवी केली होती, घड धरलेली चारशे झाडं. नानांच्या बागेतही मधे कुठे सेव्ह होत नाही. कपाटाचं मी त्यांना काही सांगितलं नाही. पहिल्या गाडीने गेलो आणि पंचनामा होईपर्यंत तिथेच राहिलो.

ब्लू प्रिन्स सुरुवातीलाच सांगतो, की जवळ वही ठेवा. माझ्या हाताशी होती ती टाचणवही. शाळा सुरू झाल्यावर मुख्याध्यापकांनी सही करायला ती मागवली आणि मधलं एक पान उघडून बराच वेळ वाचत बसले. "'प्रथम बॉयलर रूम सुरू करणे. मग वाफ प्रयोगशाळेकडे वळवणे.' सर, हे नववीचं कोणतं प्रकरण?" मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी पान उलटलं. पुढे तीन पेट्यांचं कोडं होतं. तीन पेट्या, प्रत्येकीवर एक विधान, निदान एक पेटी खरं बोलते, निदान एक खोटं, आणि हिरे एकीतच. सरांनी चष्मा काढला, पेन काढलं, आणि माझ्याच टाचणवहीत सोडवायला लागले. मधली सुट्टी झाली, घंटा झाली. "मधली पेटी," शेवटी म्हणाले. चूक होतं, पण मी मान डोलावली आणि त्यांनी सही केली.

हॉलो नाइट: सिल्कसाँगबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याने मला इतकं मारलं की सविस्तर आठवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोजक्या टाळक्यांनी २०१९ च्या फेब्रुवारीत तो जाहीर केला, तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती. आला तेव्हा ती सहावीत. तारीख ४ सप्टेंबर, वेळ आपल्याकडची संध्याकाळी साडेसात. म्हणजे कॉलनीच्या गणपतीची आरती, आणि त्या दिवशी ताट आमच्याकडे! एका हातात ताट, दुसऱ्या हातात फोन. शेवटी सगळे स्वतःभोवती गिरक्या घेतात, तेव्हा मी प्रत्येक गिरकीला एकदा 'खरेदी करा' दाबत होतो. पण जगभरच्या लोकांनी एकदम दाबल्यामुळे दुकानच बसलं होतं. मी इतक्या गिरक्या घेतल्या, की शेजारच्या काकू हिला म्हणाल्या, "सरांचा भाव बघा!"

या गेममध्ये लाल झग्यातली एक सुईवाली कीटककन्या आहे, आणि तिथलं चलन म्हणजे जपमाळेचे मणी. मेलात की मणी तिथेच पडतात, आपण वाटेतल्या मागच्या विसाव्याच्या बाकावर उठतो आणि सगळी वाट पुन्हा तुडवायची. तालुक्याच्या कचेरीत एक झेरॉक्स कमी पडली म्हणून परत पाठवतात ना, तसं. सतरा वर्षं मी पोरांना बाकावर उभं करत आलो; बाक दिसल्यावर डोळ्यांत पाणी कसं येतं ते आता कळलं. सासूबाई दसऱ्याला आल्या होत्या. त्या मागे खुर्चीवर बसून तासभर बघत होत्या. मग खाली जाऊन हिला म्हणाल्या, "जवाईबापू जपमायना मनी गोया करी ऱ्हायनात. हाऊ खेय बरा शे." त्या चार दिवसांत खालून एकदाही "अहो" आलं नाही. मीही गैरसमज दूर केला नाही.

दिवाळीत गावी भाचा आला, सिंगापूरहून. सोबत निन्टेन्डो कंपनीचं स्विच २ हे नवं गेम खेळायचं यंत्र आणि त्यावरचा गेम डाँकी काँग बनान्झा. या गेममध्ये एक गोरिला दोन्ही मुठींनी जमीन फोडत खाली खाली जातो. कशासाठी, तर सोन्यासारख्या चमकणाऱ्या केळ्यांसाठी. आता हा गेम रावेर तालुक्यात, ५० वर्षं केळी लावलेल्या माणसासमोर सुरू करायचा म्हणजे धाडसच.

नाना आधी नुसते बघत होते. मग म्हणाले, "हा कोन्हाच्या बागेत घुसला?"

"कुणाच्याच नाही आजोबा. फोडायचं असतं."

"केळं जमिनीखाली कसं? खाली कंद असतो भो." थोड्या वेळाने, "अन् सुटं सुटं? घड कुठंय? फण्या कुठंयत?" गोरिलाने एक अख्खा कडा उडवला तेव्हा नाना सतरंजीवरून अर्धे उठले. "अरे, ठिबकच्या नळ्या असतील ना खाली!" मग भाच्याला विचारलं, याला सीएमव्ही येतो का. केळीवरच्या त्या विषाणूने नानांची दोन वर्षांपूर्वीची मृगबाग उपटायला लावली होती. येत नाही, असं भाचा म्हणाला. नानांनी त्या गोरिलाकडे पहिल्यांदा जरा आदराने बघितलं.

मग हात पुढे केला. "आण इकडं."

पहिली दहा मिनिटं त्यांनी काहीच फोडलं नाही. गोरिलाला कडेकडेने, बांधावरून चालावं तसं चालवलं. भाचा "फोडा ना आजोबा" म्हणून कासावीस. "आधी कोन्हाचं आहे ते पाह्यू दे." मग एका कोपऱ्यात खडकात काहीतरी पिवळं चमकलं. नानांनी इकडे तिकडे बघितलं आणि एक गुद्दा हाणला. केळं उडून हातात आलं. "निसवण्याआधीच तोडलं," असं पुटपुटले, पण पुढच्या खडकाकडे वळले.

तेवढ्यात लाइट गेली. टीव्ही विझला. मी सवयीने मनातल्या मनात टुक ऐकलं आणि सात मिनिटं मोजायला लागलो. भाच्याने शांतपणे ते यंत्र टीव्हीजवळच्या खोबणीतून उपसलं, दोन्ही बाजूंना मुठी चिकटवल्या आणि नानांच्या हातात दिलं. गोरिला जिथे होता तिथेच उभा. नानांनी ते उलटंपालटं करून पाहिलं.

"याच्या पोटातच इन्व्हर्टर आहे का?" मग अंधारात माझ्या दिशेने, "अन् तू एवढा शिकून यूपीएस घेतला."

आईने कंदील लावला. शेव, चकली, अनारसे मांडले. मी वर्तमानपत्राने नानांना वारा घालत होतो. तोंडावर निळा उजेड घेऊन ते वाकून बसले होते, जीभ जरा बाहेर.

"अहो, फराळाला येताय ना?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"आलो, आलो," नाना मान वर न करता म्हणाले, "एवढं एक केळं काढू दे."